तजेला हवा, रंग कशाला?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न कधी चुकत नाही. पस्तिशी ओलांडली की डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा दिसू लागतात, गालांवर वांग उमटते, हातांची कातडी सैल वाटू लागते. मग विचारणा होते, "रोज काय लावावे म्हणजे चेहरा तरुण राहील?" अनेकदा त्याच पत्राच्या शेवटी दुसरा प्रश्न असतो, "मुलीचे लग्न चार महिन्यांवर आले आहे, रंग उजळेल असे काही सांगा."

दोन्ही प्रश्न एकाच आरशासमोर उभे राहून विचारलेले असले तरी त्यांची उत्तरे अगदी वेगळी आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, स्वस्त आहे आणि त्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. दुसऱ्याचे उत्तर म्हणून बाजारात जे विकले जाते, त्याने काही घरांत मूत्रपिंडाचे आजार आणले आहेत. म्हणून या महिन्यात दोन्हींबद्दल सविस्तर बोलू.

त्वचा कशाने म्हातारी होते?

आपल्या त्वचेच्या वरच्या थराखाली कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाच्या तंतूंचे जाळे असते. गादीत कापूस भरलेला असतो तसे हे जाळे त्वचेला भरीव आणि लवचिक ठेवते. वय वाढते तसे कोलॅजन कमी होत जाते आणि पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते अधिक वेगाने घटते. हे वय आपल्या हातात नाही. अल्लाहने ठरवलेल्या त्या क्रमाला कोणतीही डबी अडवू शकत नाही.

पण चेहऱ्यावर जे म्हातारपण दिसते त्यातला मोठा भाग वयाचा नसतो, उन्हाचा असतो. खात्री करून घ्यायची असेल तर आपल्याच दंडाची आतली बाजू पाहा आणि मग हाताच्या पंजाची मागची बाजू पाहा. दोन्ही कातडी सारख्याच वयाची. एक कायम कपड्याखाली राहिली, दुसरी आयुष्यभर उन्हात होती. फरक लगेच कळतो.

सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्याला माहीत हवेत. यूव्हीबी किरणांमुळे कातडी भाजते आणि लाल होते. यूव्हीए किरण खोलवर जातात, कोलॅजनचे तंतू तोडतात आणि डाग गडद करतात. यूव्हीए काचेतूनही आत येतात आणि ढगाळ दिवशीही पोहोचतात. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका गृहस्थाचे छायाचित्र छापले होते. त्यांनी २८ वर्षे माल पोहोचवणारा ट्रक चालवला होता. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीच्या काचेतून येणारे ऊन रोज डाव्या गालावर पडत राहिले. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी वर्षांनी म्हातारी दिसत होती. कातडी जाड झालेली आणि खोल सुरकुत्या पडलेल्या. एकाच माणसाचा एकच चेहरा, तरी दोन वयांचा. उन्हाचे काम याहून स्पष्टपणे दाखवणारे चित्र सापडणे कठीण.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असते. ते उन्हापासून काही प्रमाणात रक्षण करते, म्हणून आपल्याकडे सुरकुत्या उशिरा पडतात. ज्या सावळेपणाबद्दल घरात कुरकुर होते तोच सावळेपणा त्वचेला तरुण ठेवत असतो, हे मुलींना सांगायला हवे. मात्र आपल्या त्वचेवर वय वेगळ्या रूपात दिसते : वांग, काळसर डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, कुठे गडद तर कुठे फिका असा असमान रंग. म्हणजे आपल्यासाठी तरुण दिसण्याचे मुख्य काम सुरकुत्या घालवणे हे नसून डाग पडू न देणे हे आहे.

ऊन सोडले तर दुसरा मोठा शत्रू म्हणजे धूम्रपान. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती लवकर सुरकुत्या पडतात हे सिद्ध झालेले आहे. घरातल्या पुरुषांनीही ही ओळ वाचावी.

सकाळचा क्रम

रोजच्या निगेला तीनच वस्तू पुरतात : सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. दहा बाटल्यांची रांग लावण्याची गरज नाही. उलट जितक्या जास्त वस्तू, तितकी चेहऱ्याची आग होण्याची शक्यता जास्त.

सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुतला तरी चालतो. त्वचा तेलकट असेल तर सौम्य फेसवॉश वापरा. अंगाला लावायचा साबण चेहऱ्याला नको. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, साधा साबण अल्कधर्मी असतो, आणि रोज रोज त्याने धुतल्यावर त्वचेवरचे राखण करणारे तेलकट आवरण निघून जाते. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटत असेल तर समजा की साबण कडक आहे.

चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. त्याचे काम पाणी धरून ठेवणे आहे, त्यामुळे कोरड्या कातडीपेक्षा ओलसर कातडीवर ते जास्त उपयोगी पडते. ज्या उत्पादनात ग्लिसरीन आहे ते घ्या. महाग असलेच पाहिजे असे नाही. तेलकट त्वचेला हलके जेल, कोरड्या त्वचेला घट्ट क्रीम.

मग सनस्क्रीन. एकच वस्तू परवडत असेल तर पैसे हिच्यावर खर्च करा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील नंबूर या गावी ५५ वर्षांखालील ९०३ लोकांवर एक प्रयोग झाला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, बाकीच्यांना आपल्या मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी हातांच्या कातडीचे ठसे तपासले तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वय वाढल्याची खूण जवळजवळ दिसली नाही. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. 'अँटी-एजिंग' असे लिहून विकल्या जाणाऱ्या फार थोड्या वस्तूंच्या पाठीशी असा पुरावा आहे.

सनस्क्रीन घेताना डबीवर दोन गोष्टी पाहा. एसपीएफ ३० किंवा जास्त असावा. हा आकडा यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आहे. ३० चे सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवते आणि ५० चे सुमारे ९८ टक्के, म्हणून १०० च्या मागे धावण्यात अर्थ नाही. दुसरे, 'पीए' या अक्षरांपुढे अधिकची चिन्हे असतात, ती यूव्हीएपासूनचे संरक्षण दाखवतात. किमान तीन चिन्हे असलेले घ्या. ज्यांना वांग आहे त्यांनी त्वचेच्या रंगाचे, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्यावे, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही गडद होते आणि पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही.

बहुतेक जणींची गफलत प्रमाणात होते. मुगाच्या दाण्याएवढे सनस्क्रीन संपूर्ण चेहऱ्याला पुरत नाही. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीवर एकेक रेघ काढा. एवढे चेहरा आणि मानेला लागते. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. घराबाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावलेले बरे.

"आम्ही तर बुरखा घेतो, मग सनस्क्रीन कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे. घट्ट विणीचे गडद कापड अतिनील किरण चांगले अडवते, त्यामुळे जे अंग झाकलेले असते त्याला सनस्क्रीनची गरज नाही. पण पातळ जॉर्जेट किंवा शिफॉन उजेडासमोर धरून पाहा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जाते. नकाब घेणाऱ्या भगिनींचे डोळ्यांभोवतीचे भाग, भुवया आणि हात उघडे राहतात, आणि तिथली कातडी सर्वांत पातळ असल्याने वय तिथेच आधी दिसते. म्हणून डोळ्यांभोवती आणि हातांच्या मागच्या बाजूला लावाच.

घाम आणि घर्षणाने नकाबखाली पुरळ येत असेल तर कापड सुती घ्या आणि रोज धुतलेले वापरा.

पूर्ण झाकून राहणाऱ्या आणि घरातच वावरणाऱ्या स्त्रियांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. तिचा संबंध हाडांशी आहे, चेहऱ्याशी नाही. गच्चीवर किंवा अंगणात आडोसा असेल तर आठवड्यातून काही दिवस हात-पायांवर थोडा वेळ ऊन घ्या आणि चेहऱ्याला मात्र सनस्क्रीन राहू द्या. अंगदुखी, थकवा असेल तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणे हा आणखी खात्रीचा मार्ग.

वुजू आणि त्वचा

दिवसातून पाच वेळा चेहरा पाण्याने धुणे ही आपल्या घरांतली मोठी सोय आहे. धूळ, घाम, स्वयंपाकघरातला तेलकट वाफारा निघून जातो. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, प्रत्येक वुजूच्या वेळी फेसवॉश लावू नका. दिवसातून दोनदा पुरे, बाकी वेळी साधे पाणी. हिवाळ्यात पाणी कोमट घ्या, कडकडीत गरम नको.

दुसरी, टॉवेलने खसाखसा घासू नका. टिपून घ्या आणि ओलसरपणा आहे तोवर मॉइश्चरायझरचा हलका हात फिरवा. पायांची बोटे, विशेषतः बोटांच्या मधली जागा, नीट कोरडी करा. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. मधुमेह असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तर याकडे कधीच दुर्लक्ष करू नये. टाचांना भेगा असतील तर रात्री पेट्रोलियम जेली लावून मोजे घाला.

तिसरी गोष्ट सनस्क्रीनबद्दल. वुजूनंतर ते पुसले जाते, मग काय करायचे? क्रम असा ठेवा : बाहेर पडायचे असेल तेव्हा आधी वुजू, मग सनस्क्रीन. जोहरच्या वेळी ऊन सर्वांत कडक असते, तेव्हा जोहरची नमाज झाल्यावर पुन्हा लावणे हे दोन तासांच्या नियमालाही धरून होते. वुजूच्या आधी लावायचे नसल्याने पाणी कातडीपर्यंत पोहोचले की नाही, ही शंकाही उरत नाही.

रात्रीचा क्रम

इशानंतर चेहरा फेसवॉशने धुवा, दिवसभराचे सनस्क्रीन आणि धूळ निघाली पाहिजे. मग मॉइश्चरायझर. बहुतेक जणींसाठी रात्रीचे काम इथेच संपते.

ज्यांना रेघा आणि डागांसाठी आणखी काही करायचे आहे त्यांच्यासाठी सर्वांत चांगला पुरावा असलेले औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. हे अ जीवनसत्त्वापासून बनते, आधी मुरुमांसाठी वापरात आले आणि १९८० च्या दशकात उन्हाने झालेले नुकसान ते काही अंशी भरून काढते असे दिसून आले. त्याने नवे कोलॅजन तयार होण्यास मदत होते. पण ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच सुरू करावे. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री, संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे, कोरड्या कातडीवर. पहिले काही आठवडे साल निघते, थोडी आग होते. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदर असाल, बाळाचा विचार चालू असेल तर ते अजिबात लावायचे नाही. सकाळी सनस्क्रीन लावणार नसाल तरीही त्याच्या वाटेला जाऊ नका.

यापेक्षा सौम्य पर्याय हवा असेल तर निॲसिनामाइड किंवा ॲझेलेइक ॲसिड यांबद्दल डॉक्टरांना विचारा. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा आणि आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस काही दिवस लावून पाहा.

स्वयंपाकघरातले उपाय

दादी-नानीच्या सगळ्याच गोष्टी टाकाऊ नाहीत. बेसन आणि दुधाची साय आठवड्यातून एकदा लावल्याने बिघडत नाही, फक्त घासायचे नाही. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला ठीक, कोरड्याला आणखी कोरडे करते. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते रंध्रे बंद करते.

लिंबू मात्र चेहऱ्यावर कधीही नको. त्याचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते आणि मग महिनोन्महिने काळे डाग राहतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांचीही तीच गत. रंग उजळावा म्हणून लावलेल्या वस्तूने डाग पडणे हे आपल्याकडे नित्याचे आहे.

बिननावाची डबी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मुलीचे स्थळ पाहायला आलेली मंडळी निघताना हळूच म्हणतात, "मुलगी चांगली आहे, पण जरा..." आणि वाक्य अर्धे सोडतात. त्या अर्ध्या वाक्याने घरात दुसऱ्या दिवशी एक डबी येते. कधी ब्यूटी पार्लरमधून, कधी शेजारच्या भाभीकडून, कधी आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता नसतो किंवा असला तरी वाचता येत नाही. आठ-दहा दिवसांत रंग खरोखर उजळतो आणि मग ती डबी बहिणीला, मावशीला, मैत्रिणीला सांगितली जाते.

इतक्या लवकर रंग उजळण्यामागे बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते.

पहिली म्हणजे पारा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून रंग फिका पडतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ जणांच्या आजाराचा एक दुर्मीळ उपप्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण रंग उजळवणारे क्रीम वापरत होते. आपल्या महाराष्ट्रातही अकोल्यातील एकाच कुटुंबातील आई आणि दोन मुलींना असाच त्रास झाला होता. क्रीम स्थानिक पातळीवर घेतलेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला.

आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेलाही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. तरीही अशा डब्या विकल्या जातात. आणि हा पारा लावणाऱ्या स्त्रीपुरताच राहत नाही. तो हाताला, उशीला, टॉवेलला लागतो आणि वाफेने घरात पसरतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील काही कुटुंबांची तपासणी झाली तेव्हा क्रीम न लावणाऱ्या मुलांच्या लघवीतही पारा आढळला. अम्मीच्या गालाला गाल लावून झोपणाऱ्या बाळाचा विचार करा.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन अशी नावे ट्यूबवर दिसतील. यातल्या काहींमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही मिसळलेले असते. ही खरी औषधे आहेत, ठरावीक आजारात, ठरावीक दिवसांसाठी डॉक्टर ती देतात. पण रोज रंगासाठी लावली की कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर मुरुमे आणि लव येते, चुलीजवळ किंवा उन्हात गेल्यास चेहरा जळतो. ट्यूब बंद केली की आग आणखी वाढते, म्हणून बिचारी पुन्हा तीच लावते. ज्या चेहऱ्याला तरुण ठेवायचे होते तो पंचविशीत पन्नाशीचा होतो. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. तरी काउंटरवर ती सहज मिळतात. गजकर्णासाठी आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित ट्यूबा तर घरोघरी फिरत असतात. त्यांनी खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्ण पसरत जातो.

घरातली डबी कशी तपासावी?

क्रीमचा रंग, वास किंवा दाटपणा पाहून पारा ओळखता येत नाही. डबी वाचावी लागते. बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी हे सर्व नियमाने छापलेले असले पाहिजे. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. यातले काही नसेल तर ती डबी वापरू नका, कोणी दिली आहे हे पाहू नका.

घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराइड' किंवा 'कॅलोमेल' असे लिहिले असेल तर तो पाराच आहे. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना क्रीम लागू देऊ नका अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याची खूण. ट्यूबवर लाल पट्टी किंवा 'शेड्यूल एच' लिहिले असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. "आयुर्वेदिक", "हर्बल", "केमिकल नाही" या शब्दांवर विसंबू नका.

अशी डबी आधीच वापरात असेल तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. पाऱ्याचा संशय असल्यास लगेच थांबवा, डबी पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांकडे न्या. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती किंवा संध्याकाळी पायांवर सूज येणे ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा आणि क्रीम वापरत होतो हे न लाजता सांगा. ही गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून निदानाला उशीर होतो. लघवी आणि रक्ताच्या साध्या तपासणीने मूत्रपिंडाची स्थिती कळते. वेळेवर क्रीम थांबवले तर बरेच रुग्ण बरे होतात. स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्महिने लावत असाल तर त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडा, कारण एकदम सोडल्यावर होणारी आग सहन न होऊन स्त्रिया पुन्हा तिकडेच वळतात. तो चेहरा सावरायला काही महिने लागतात, पण इन्शाअल्लाह सावरतो. संशयास्पद मालाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. एका तक्रारीने पुढच्या दहा मुली वाचू शकतात.

रमजान आणि लग्नाचे दिवस

रोज्याच्या दिवसांत चेहरा सुकल्यासारखा वाटतो. इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी थोडे थोडे पीत राहा, एकदम लोटाभर नको. तळणीपेक्षा फळे, काकडी, दही ताटात जास्त असू द्या. झोप तुटक होते, म्हणून जमेल तेव्हा दुपारी थोडी घ्या. डोळ्यांखालची वर्तुळे रमजाननंतर बहुधा आपोआप कमी होतात.

लग्नाला चार महिने असतील तर चार महिन्यांत पुष्कळ करता येते. रोज सनस्क्रीन, रोज मॉइश्चरायझर, मुरुमे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे वेळीच उपचार, पुरेशी झोप आणि रक्त कमी असेल तर त्याची तपासणी. शेवटच्या पंधरा दिवसांत चेहऱ्यावर कोणताही नवा प्रयोग करू नका. हळदीच्या दिवशी अंग उठले आणि निकाहच्या दिवशी चेहरा सुजला, असे होण्याचे कारण बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात लावलेली नवी वस्तू असते. मेंदी साधी हिरव्या पानांची घ्या. झटपट काळी होणाऱ्या मेंदीत केस रंगवायचे रसायन असू शकते आणि त्याने हातावर फोड येतात.

या उपायांनी मुलीच्या त्वचेला तजेला येईल, डाग फिके होतील, चेहरा निरोगी दिसेल. तिचा मूळ रंग बदलणार नाही, आणि तो बदलण्याची गरजही नाही. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'गोरे' या अर्थाचा शब्द काढून टाकण्यात आला. आपल्या बैठकीच्या खोलीतूनही तो शब्द काढायला काय हरकत आहे? स्थळ पाहायला जाणाऱ्या अम्मी, खाला, फुफी, सगळ्यांना एक विनंती आहे. मुलीच्या रंगावर बोलू नका आणि ते अर्धे वाक्यही सोडू नका. ज्या घरात ते वाक्य ऐकू येत नाही, त्या घरात बिननावाची डबी येत नाही.

आजच एवढे करा. कपाटातल्या, आरशामागच्या, पर्समधल्या सगळ्या डब्या आणि ट्यूबा बाहेर काढा, चष्मा लावून त्यांवरचा मजकूर वाचा आणि ज्यांवर पत्ता नाही त्या बाजूला करा. मुली, सुना, घरातली तरुण मुले, सर्वांना सोबत बसवा. हल्ली गोरे व्हायची घाई मुलांनाही असते. मग उरलेल्या जागेत तीन वस्तू ठेवा, फजरनंतर आणि इशानंतर पाच-पाच मिनिटे द्या आणि निदान तीन महिने धीर धरा.